गिधाडं पाहायला पन्नाला गेलो, आणि गोठ्यातल्या बाटलीपाशी येऊन थांबलो



तूर निघाली होती, हरभऱ्याला घाटे भरतानाचं पाणी देऊन झालं होतं आणि कापसाची शेवटची वेचणी तेवढी बाकी होती. शेतकऱ्याला वर्षात असे चार-पाच दिवस मिळतात, ते बहुतेक लग्नात नाहीतर तहसीलच्या चकरांत जातात. यंदा जानेवारीत आम्ही तिघा मित्रांनी ते गिधाडं पाहण्यात घालवले.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "लोकं वाघ पाहाले जाते, अन् तू गिधाडं पाहाले चालला?" शेजारच्या काकांनी तर गाडीच्या डिझेलचा हिशेब काढून दाखवला. त्यांचं काही चुकलं नाही. तीस वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं की गिधाड पाहायला एक दिवस सातशे-आठशे किलोमीटरचा पल्ला मारावा लागेल, तर मीही हसलो असतो. तेव्हा गिधाड पाहायला मान वर केली की पुरे होतं.

नागपूर, सिवनी, जबलपूर, कटनी करत मध्यप्रदेशातल्या पन्नाला पोचलो. हा बुंदेलखंड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू, मसूर, हरभरा आणि मधूनमधून सरसोंचे पिवळे पट्टे. जमीन आपल्या काळीसारखी खोल नाही, बऱ्याच ठिकाणी दगड वर आलेला. शेतकरी रात्रभर शेतात जागतात. रानडुकरं, रोही तर आहेतच, पण जास्त त्रास मोकाट गुरांचा. दूध आटलं, बैलाचं काम संपलं की जनावर सोडून द्यायचं, याला तिकडे 'अन्ना प्रथा' म्हणतात. आपल्याकडे अजून तिला नाव पडलं नाही एवढंच, प्रथा आलेली आहे.

पन्ना व्याघ्र प्रकल्पात हिनौता भागाकडे 'धुंधुआ सेहा' नावाची जागा आहे. सेहा म्हणजे तिकडच्या बोलीत खोल दरी, घळ. सपाट पठारावरून गाडी जात असते. साग, धावडा, वाळलेलं गवत, वेगळं काही नाही. आणि एकदम पुढची जमीन संपते. समोर वाळूच्या दगडाचा उभा कडा, एकावर एक थर रचल्यासारखा. खाली झाडांची शेंडे दिसतात, त्याखाली काय आहे ते दिसत नाही. कड्याच्या अंगावर जागोजागी चुन्याचे फराटे मारल्यासारखे पांढरे ओघळ. गाइड म्हणाला, "भैयाजी, जहाँ सफेदी दिखे, वहाँ घर समझो." ती त्यांची विष्ठा. कड्यातल्या कपारीत, जिथे माणूस काय माकडही पोचणार नाही, तिथे काड्यांची घरटी.

आम्ही सकाळी लवकर पोचलो होतो. थंडी होती. गिधाडं पंख मिटून, मान आत घेऊन, कपारीवर रांगेनं बसलेली. पारावर घोंगडी पांघरून म्हातारी माणसं बसतात तशीच. तासभर काहीच झालं नाही. माझ्या एका मित्राला तर आपण फसलो असं वाटायला लागलं.

ऊन कड्यावर चढलं, दगड तापायला लागला, आणि एकानं पंख उघडून स्वतःला सोडून दिलं. मग दुसरं, मग पाच-सात. पंख हलवायचं काम नाही. दरीतून वर येणाऱ्या गरम हवेवर ते नुसते गोल गोल वर चढत होते. आपण कड्यावर उभे असल्यामुळे गिधाड आपल्या खाली असतं, त्याची पाठ दिसते. मग ते आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतं, आणि मग डोक्यावर. जवळून गेलं तेव्हा पंखातून वाऱ्याचा सरसर आवाज आला. पसरलेले पंख दोन मीटरच्या पुढे. मी मोजायचा प्रयत्न केला, चाळीसनंतर सोडून दिलं.

पन्नात सात जातींची गिधाडं नोंदली गेली आहेत. लांब चोचीचं, पांढऱ्या पाठीचं, लाल डोक्याचं राजगिधाड आणि लहान पांढरं गिधाड, या चार बारमाही राहणाऱ्या. हिमालयीन ग्रिफन, युरेशियन ग्रिफन आणि काळं गिधाड या तीन हिवाळी पाहुण्या. कड्यात घरटी करणारं ते मुख्यतः लांब चोचीचं. पांढऱ्या पाठीचं उंच झाडावर घरटं करतं. आपल्या विदर्भात नदीकाठच्या अर्जुनाच्या, आंब्याच्या झाडांवर जे बसायचे, ते बहुतेक हेच.

तिथे उभा असताना मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मनात सारखा आमचा एक बैल येत होता.

तो बैल

2001-02 चा काळ असेल. आमचा एक बैल पेरणीच्या तोंडावर आजारी पडला. ताप, अंग आखडलेलं, उठेना. गावात इंजेक्शन देणारा एक जण होता, त्यानं दुखण्यावरचं आणि तापावरचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी बैल उठून उभा राहिला, चार घास खाल्ले. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बैल गेला. रोग दुसराच होता, इंजेक्शनानं फक्त दुखणं झाकलं होतं.

बाबांनी बैल गाडीवर घालून गावाबाहेर नाल्याकाठी नेला. मेलेली जनावरं टाकायची ती ठरलेली जागा. लहानपणी तिथे गिधाडांचा एवढा गलका असायचा की आम्ही पोरं लांबून दगड मारायचो आणि पळायचो. तासाभरात हाडांचा सांगाडा उरायचा. त्या वर्षी सात-आठच गिधाडं उतरली. त्यानंतरच्या वर्षी एकही नाही. आम्ही म्हणालो, जंगल कमी झालं, गेली असतील कुठे तरी.

ती कुठे गेली नव्हती. मेली होती. त्या बाटलीवरचं नाव मला आजही आठवतं. डायक्लोफेनॅक.

झालं काय होतं

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पण गावात अजून दहात आठ जणांना हे माहीत नाही, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यातली गिधाडं झपाट्यानं कमी होताहेत. मान खाली टाकून बसतात आणि झाडावरून पडून मरतात. कोणी म्हणालं रोग आहे, कोणी म्हणालं कीटकनाशक. शेवटी 2004 मध्ये डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून कारण शोधलं. जनावराला डायक्लोफेनॅक दिलं आणि ते लगेच मेलं, तर औषध मांसात शिल्लक राहतं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक आम्ल रक्तात साचतं, काळजा-मूत्रपिंडावर खडूसारखा पांढरा थर चढतो आणि पक्षी मरतो.

1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के कमी झाली. म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीची सुमारे 97 टक्के गेली. एवढ्या वेगानं एवढा मोठा पक्षी संपल्याची उदाहरणं जगात फार नाहीत.

आता यातली एक गोष्ट शेतकरी म्हणून नीट समजून घ्या. शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा कळलं की हे सगळं व्हायला शंभर मेलेल्या जनावरांतलं एकसुद्धा विषारी असण्याची गरज नव्हती, एक टक्क्याहून कमी पुरे होतं. कारण गिधाड एकटं जेवत नाही. एक उतरलं की दहा मैलांवरची बाकीची ते पाहून येतात. एका बैलावर चाळीस-पन्नास बसतात. आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, तेही वयाची पाचेक वर्षं झाल्यावर. कोंबडीसारखं नाही की एक खुडूक गेलं आणि दुसरं बसवलं. मोठे पक्षी मरायला लागले की भरपाई होतच नाही.

म्हणून माझं मत असं आहे. पर्यावरणाचा विषय निघाला की आपण म्हणतो, "मी एकट्यानं करून काय होते?" बऱ्याच बाबतींत ते खरंही आहे. माझ्या एका ट्रॅक्टरच्या धुरानं आभाळ फाटत नाही. पण इथे ते खोटं आहे. इथे एका शेतकऱ्याचा एक बैल, एक बाटली, अख्ख्या टापूतली गिधाडं संपवू शकते. आणि म्हणूनच एका शेतकऱ्यानं एक बाटली नाकारली तर त्याचाही तेवढाच उपयोग आहे.

बंदी आली, पुढे काय

2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग लोकांनी माणसांसाठीची मोठी बाटली मेडिकलमधून आणून जनावराला टोचायला सुरुवात केली. म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एका मात्रेपुरतंच ठेवलं. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक जनावरांसाठी बंद झाली. असेक्लोफेनॅक तर जनावराच्या पोटात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं, नाव तेवढं वेगळं. त्यानंतर निमेसुलाइडवरही जनावरांसाठी बंदी आली. फ्लुनिक्सिननंही गिधाड मेल्याची नोंद आहे.

पण कायदा दिल्लीत होतो आणि इंजेक्शन गोठ्यात रात्री अकरा वाजता दिलं जातं. त्या वेळी तिथे तीन जण असतात: जनावर, इंजेक्शन देणारा आणि आपण. जनावर बोलत नाही. देणारा पिशवीत असेल ते देतो. उरलो आपण.

"गिधाडाचं पाहू का बैलाचं?"

हा प्रश्न मला गावातल्या एकानं विचारला. रास्त आहे. दारातला बैल लाखाच्या घरात आहे आणि दुभती म्हैस त्याहून महाग. कोणी शहरातून येऊन सांगणार असेल की पक्ष्यासाठी तुझं जनावर तडफडू दे, तर त्याला मीच आधी गावाबाहेर काढीन.

पण निवड अशी नाहीच. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध आहे. ताप, सूज, दुखणं, कासदाह, लंगडणं, यांत ते चालतं, आणि गिधाडाला त्यापासून धोका नाही हे तपासून झालं आहे. टॉल्फेनॅमिक ॲसिड हेही सुरक्षित ठरलं आहे. दोन्ही बाजारात मिळतात. लंपीच्या वर्षी, 2022 मध्ये, माझ्या दोन गोऱ्ह्यांना ताप आणि पायावर सूज होती. मी डॉक्टरांना म्हटलं, मेलॉक्सिकॅमच द्या. दोन्ही वाचले. औषधामुळेच वाचले असा दावा मी करत नाही, पण ते दिल्यामुळे काही बिघडलं नाही एवढं नक्की.

काही जण म्हणतात डायक्लोफेनॅकनं जनावर लवकर उठतं. आमचाही उठला होता. एक दिवस.

गिधाडं गेली, त्याचं बिल कोणाला आलं

गिधाडं गेली तरी जनावरं मरायची थांबली नाहीत. मांस उरलं, ते कुत्र्यांनी खाल्लं. 2008 च्या एका अभ्यासात अंदाज मांडला होता की गिधाडं संपल्यामुळे देशात मोकाट कुत्री निदान 55 लाखांनी वाढली आणि त्यांच्या चाव्यांतून रेबीजचे सुमारे 47,000 जादा मृत्यू झाले. 2024 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात दुसरा अभ्यास आला. अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक हे त्याचे लेखक. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत 2000 ते 2005 या काळात सुमारे 5 लाख जादा माणसं दगावली, असा त्यांचा हिशेब. रेबीज आणि कुजक्या मढ्यांमुळे घाण झालेलं पाणी ही त्यांनी दिलेली मुख्य कारणं.

आकडे जाऊ द्या, बांधावर या. आमच्या शिवारात कुत्र्यांचं टोळकं आहे. दोन वर्षांत तीन शेळ्या फाडल्या. निंदणाला येणाऱ्या एका बाईला संध्याकाळी घरी जाताना चावा घेतला. इंजेक्शनासाठी तालुक्याच्या चार-पाच खेपा. प्रत्येक खेपेला मजुरी बुडाली, वरून गाडीभाडं. ते बिल कोणी औषध कंपनीला पाठवलं नाही. त्या बाईनंच भरलं.

आणखी एक गोष्ट आपण बोलत नाही. मेलेलं जनावर ओढून नेणं, कातडं काढणं हे काम गावानं पिढ्यान् पिढ्या काही मोजक्या घरांच्या माथी मारलं होतं. त्यांनी ते सोडलं, योग्यच केलं. पण गिधाडंही गेली आणि ती माणसंही मोकळी झाली, तेव्हा गावाला पहिल्यांदा कळलं की मेलेल्या जनावराचं करायचं काय हा सगळ्या गावाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर अजून आपल्या ग्रामपंचायतींकडे नाही. नाल्यात टाकतात आणि तोंड फिरवतात.

जंगल खात्याचं काम, आपलं काय?

असंही म्हटलं जातं. ते आपलं काम करताहेत. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात पिंजऱ्यात गिधाडं वाढवली जातात. तिथून आणलेली काही गिधाडं 2024 मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबात सोडली. त्यातली काही दगावलीही. काम सोपं नाही.

पण गिधाडाला प्रकल्पाची हद्द कळत नाही. पन्नात काही गिधाडांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं होतं. त्यातली हिमालयीन गिधाडं उन्हाळ्यात नेपाळ, तिबेटपर्यंत जाऊन आली. स्थानिक गिधाडंही खाण्यासाठी एका दिवसात मैलोगणती फिरतात. धुंधुआच्या कड्यावरून सकाळी दहाला उडालेलं गिधाड दुपारी कोणाच्या तरी धुऱ्याजवळ मेलेल्या गाईवर उतरतं. रात्री मुक्काम जंगलात, जेवण आपल्याकडे. जंगल खातं त्याला घर देऊ शकतं, ताट आपल्या हातात आहे.

त्या ताटात काय वाढायचं, एवढंच ठरवायचं आहे. मी स्वतःपुरतं ठरवलं ते असं:

1. इंजेक्शन देणाऱ्याला आधी बाटली दाखवायला सांगायची. नाव वाचता येत नसेल तर घरच्या शाळकरी पोराला वाचायला लावायचं. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड यातलं काही असेल तर नको म्हणायचं. मेलॉक्सिकॅम आहे का विचारायचं.

2. मेडिकलमधून माणसांचं इंजेक्शन आणून जनावराला टोचायचं नाही, आणि कोणी टोचत असेल तर गप्प बसायचं नाही.

3. आजारी जनावर औषध सुरू असताना मेलं आणि काय दिलं याची खात्री नसेल, तर ते उघड्यावर टाकायचं नाही. जेसीबीनं खोल खड्डा करून पुरायचं. विषबाधेनं मेलेलं किंवा डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांत केलेलं जनावर तर नक्कीच पुरायचं.

4. डुकरांसाठी, कुत्र्यांसाठी मढ्यावर विष टाकायचं नाही. ते विष ज्याच्यासाठी टाकतो त्याच्यापर्यंत थांबत नाही.

5. नदीकाठची मोठी झाडं, अर्जुन, आंबा, सेमल, निदान आपल्या बांधातली तरी उभी ठेवायची.

जे कृषी सहायक, पशुधन पर्यवेक्षक, डॉक्टर मंडळी हे पान वाचतात त्यांना एक विनंती. तुम्ही गावात फवारणीचे मेळावे घेता, बोंडअळीवर तासभर बोलता. त्यातली पाच मिनिटं या बाटलीला द्या. शेतकऱ्याला कारण सांगितलं तर तो ऐकतो. नुसती बंदी सांगितली तर तो दुसरं दुकान शोधतो.

पन्नाहून आल्यावर आईनं विचारलं, "दिसले का रे मग?" मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "आपल्या नाल्यावर याच्यापेक्षा जास्त बसत." तिच्या बोलण्यात कौतुक नव्हतं आणि दुःखही नव्हतं. ती फक्त मोजत होती.

आमच्या बैलानं गिधाडं मारली की नाही, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण पुढच्या वेळी माझ्या गोठ्यात रात्री अकरा वाजता पिशवी उघडेल, तेव्हा मी कंदील धरून बाटलीवरचं नाव वाचणार आहे. एवढं माझ्या हातात आहे, आणि तुमच्याही.

तुमच्या गावात शेवटचं गिधाड कोणत्या साली दिसलं, घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि गावाच्या नावासकट लिहून कळवा. कुठे आजही दिसत असेल तर ते आधी सांगा.